नव्वद दिवसांचा स्पेन: मोटरहोम की कॅराव्हान?

इथे इंग्लंडमध्ये मंडळाच्या दिवाळी फराळाला हल्ली दोनच विषय निघतात. कुणाचा गुडघा बदलला, आणि हिवाळ्यात कोण कुठे जाणार. आम्ही दोघं चार हिवाळे स्पेनमध्ये काढून आलोय, त्यातले दोन मोटरहोममध्ये, म्हणजे स्वतःचं इंजिन असलेल्या चाकांवरच्या घरात, आणि दोन कॅराव्हानमध्ये, म्हणजे गाडीमागे ओढायच्या घरात, हे एव्हाना सगळ्यांना कळलंय. त्यामुळे हातात चकलीची प्लेट घेऊन एखादं जोडपं बाजूला येतंच. "तुम्ही दोन्ही वापरलंय ना, मग आम्ही काय घ्यावं?" उभ्या उभ्या दिलेलं उत्तर दर वेळी अर्धवट राहतं. म्हणून एकदाच बैठक मारून लिहितोय.

पलंग कसा असावा, सोलर किती वॉटचं, हीटर कुठला, यात मी शिरत नाही. ते शोरूममधली माणसं तुमचा चहा गार होईपर्यंत सांगतात. आमचं गणित मात्र सांगून ठेवतो, कारण तुमचं वेगळं असेल तर उत्तरही वेगळं येईल. आम्ही दोघंच. साठी ओलांडलेली. ब्रिटिश पासपोर्ट, म्हणजे ब्रेक्झिटनंतर शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांत, १८० दिवसांत ९० दिवस. २०२४ साली आम्ही ८ डिसेंबरला स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर सांतांदेरला बोटीतून उतरलो आणि ७ मार्चला परत बोटीत चढलो. उतरायचा आणि चढायचा दिवस धरून बरोबर नव्वद. भारतीय पासपोर्टवर असाल तर व्हिसा काढावा लागेल, पण दिवसांचा हिशोब हाच.

आणि मुक्काम एकाच जागी. स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर, बेनिडॉर्मजवळच्या एका कॅम्पसाइटवर तळ ठोकायचा, सकाळी बाहेर पडायचं, संध्याकाळी परत. बेनिडॉर्म म्हटलं की लोक नाक मुरडतात. उंच इमारती, बिअर पिऊन लालबुंद झालेले गोरे, वगैरे. ते सगळं आहेच. पण गावाच्या मागे पुच काम्पाना नावाचा चौदाशे मीटरचा डोंगर उत्तरेचा वारा अडवून उभा आहे, जानेवारीत दुपारी सोळा-सतरा अंश असतात आणि गाडीने वीस मिनिटं आत गेलं की संत्र्यांच्या बागा लागतात. आम्हाला तळ म्हणून ते पुरतं. ज्यांना दर तीन दिवसांनी नवं गाव हवं आहे त्यांनी खुशाल मोटरहोम घ्यावं. पुढचं वाचायची त्यांना फारशी गरज नाही.

आधी लायसन्सकडे बघा. आपल्यापैकी बरेच जण इथे आले ते नव्वदच्या दशकाच्या शेवटी किंवा त्यानंतर. मी ब्रिटिश टेस्ट पास झालो १९९९ साली. १ जानेवारी १९९७ च्या आधी पास झालेल्यांना साडेसात टनांपर्यंतची गाडी चालवायचा परवाना आपोआप मिळायचा, आपल्याला नाही. आपली हद्द ३,५०० किलो. म्हणजे तेवढ्या वजनातच बसणारं मोटरहोम हवं. ऐकायला हे भरपूर वाटतं. पण दोन माणसं, शंभर लिटर पाणी, गॅस, ऑनिंग (दाराबाहेर ताणायचा कापडी मांडव), दोन सायकली आणि बायकोने घेतलेला पाच किलोचा तांदूळ चढला की वजनकाट्यावर चेहरा पडतो. आम्ही एकदा काट्यावर गेलो, आकडा बघितला आणि कॅम्पिंगच्या चार खुर्च्यांतल्या दोन घरी ठेवून निघालो. पाहुणे आले तर पायरीवर बसतात.

कॅराव्हानचं उलट झालं. पूर्वी माझ्यासारख्याला जड कॅराव्हान ओढायची तर वेगळी टेस्ट द्यावी लागे. १६ डिसेंबर २०२१ पासून ती अट गेली आणि साध्या कार लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येऊ लागला. तुमची गाडी तेवढं ओढू शकते का, हा अर्थातच निराळा प्रश्न, आणि तो कॅराव्हान विकणाऱ्याला न विचारता गाडीच्या प्लेटवर वाचावा.

आता मोटरहोमच्या बाजूने जे बोलायचं ते मनापासून बोलतो, कारण आम्ही ते हौसेने घेतलं होतं आणि विकताना वाईट वाटलं.

रस्त्यावर त्याच्यासारखं सुख नाही. बोटीतून उतरलं की नाकासमोर चालायचं. सांतांदेर ते बेनिडॉर्म साडेआठशे-नऊशे किलोमीटर आहे आणि सुरुवातीलाच कांताब्रियाचे डोंगर चढून पठारावर जावं लागतं. तिथे डिसेंबरात धुकं असतं, कधी बर्फ. मोटरहोममध्ये थकलो की थांबलो, दोन पावलं मागे गेलो, पोह्यांना फोडणी दिली, खाल्लं, अर्धा तास आडवा झालो, निघालो. बाहेर पाऊस असला तरी बूट ओले होत नाहीत. मुक्कामावर पोचलं की ब्रेक ओढला, चहा ठेवला. शेजारचा कॅराव्हानवाला तेव्हा गुडघ्यावर बसून कोपऱ्यांतले पाय खाली सोडत असतो. त्याच्याकडे खिडकीतून बघत चहा प्यायचा आनंद थोडा दुष्ट आहे, पण आहे.

शिवाय रात्रीच्या थांब्याचा फायदा. स्पेनमध्ये मोटरहोम नुसतं उभं करणं आणि कॅम्पिंग करणं या दोन वेगळ्या गोष्टी धरतात. चाकांशिवाय काही जमिनीला टेकत नाही, ऑनिंग बाहेर नाही, पाणी सांडत नाही, तोपर्यंत ती एक पार्क केलेली गाडीच. खुर्ची बाहेर काढली की कॅम्पिंग. गावोगावी मोटरहोमसाठी राखलेले थांबेही आहेत, तिथे पाणी भरता येतं, घाण पाणी सोडता येतं. कॅराव्हानवाल्याला अशा ठिकाणी बहुधा हसून कॅम्पसाइटचा रस्ता दाखवतात.

तर एवढं सगळं असून आम्ही ते का विकलं? बदामाच्या मोहोरामुळे.

बेनिडॉर्मच्या उत्तरेला खालोन नावाचं खोरं आहे. जानेवारीच्या शेवटी, फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिथे बदाम फुलतो. पान एक नाही, सगळं झाड पांढरं-गुलाबी. एखादा जोराचा वारा आला की संपलं, म्हणून वाट बघायची नसते. पहिल्या हिवाळ्यात एका सकाळी साडेनऊला शेजारचे डच आजोबा सांगून गेले, "फुललाय, आजच जा." ऊन सुरेख होतं. चहा झाला होता. आम्ही म्हटलं, चला.

मग सुरू झालं. ऑनिंग गुंडाळायचं. रात्रीच्या दवाने ओलं होतं, म्हणजे संध्याकाळी उघडल्यावर कुबट वास ठरलेला. खुर्च्या, टेबल, वाळत घातलेला टॉवेल आत. विजेची केबल खांबावरून काढून पंचवीस मीटर हाताने गुंडाळायची. गॅस बंद. छताच्या तिन्ही खिडक्या बंद, मागची उघडी राहिली की ती साठच्या वेगाने उडून जाते. फ्रिजला खिट्टी. बेसिनमधली कपबशी पुसून कपाटात, कुकर ओट्याखाली, त्याची शिट्टी वेगळी, नाहीतर ती खुळखुळत राहते. काल भिजत घातलेल्या मटकीचं काय करायचं यावर दोन मिनिटं चर्चा. मटकी बाथरूमच्या खोलगट तळात ठेवली. चाकांखालचे लेव्हलचे रॅम्प काढायचे, त्यासाठी बायको बाहेर उभी राहून हात दाखवणार आणि मी तिचा हात "थांब" म्हणतोय की "ये" म्हणतोय यावर चुकणार. जागेवर प्लास्टिकची बादली आणि त्यावर "ओकुपादो", म्हणजे जागा घेतलेली आहे, असं लिहिलेली पाटी ठेवायची, नाहीतर परत येईपर्यंत कुणी तिथे घुसतं. निघालो तेव्हा साडेदहा वाजले होते.

पहिल्याच राउंडअबाउटला वरच्या कपाटाचं दार उघडलं आणि मिसळणाचा डबा खाली आला.

ज्यांच्या घरात मिसळणाचा डबा आहे त्यांना पुढचं सांगायला नको. सात वाट्या. तिखट एका बाजूला, धनेजिरे पूड दुसऱ्या बाजूला, आणि हळद नेमकी क्रीम रंगाच्या सीटवर. मोहरी तर गाडी विकेपर्यंत आम्हाला कुठल्या ना कुठल्या फटीत सापडत होती. मी गाडी बाजूला घेतली. बायको काही बोलली नाही. तिने हळद कोरड्या फडक्याने झटकली, ओलं फडकं लावलं असतं तर आणखी पसरली असती, आणि मग शांतपणे म्हणाली, "आपण फिरायला चाललो नाहीये. आपण रोज घर बदलतोय."

खालोनला पोचलो तेव्हा दुपार. शनिवार असल्यामुळे तिथे जुन्या वस्तूंचा बाजार भरला होता, नदीकाठचं पार्किंग भरलेलं. तीन फेऱ्या मारल्या. गाडीसाठी जागा होत्या, सात मीटर लांबीच्या वस्तूसाठी नव्हत्या. शेवटी बदाम आम्ही काचेतूनच बघितला, मागे हॉर्न वाजवणाऱ्या दोन गाड्यांच्या साक्षीने. परत येताना काल्पेकडून आलो आणि सायकलवाल्यांच्या मागे अडकलो. युरोपातले व्यावसायिक सायकलपटूंचे संघ हिवाळ्यात सरावाला काल्पेच्या आसपास येतात. त्यांना ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवायचा नियम आहे. छोट्या गाडीला ते जमतं. सव्वादोन मीटर रुंदीचं घर घेऊन डोंगरातल्या वळणांवर ते जमत नाही. आम्ही दहा किलोमीटर त्यांच्या पाठी बघत आलो. अगदी घट्ट कपड्यांतल्या, मजबूत पाठी, पण बदामाच्या मोहोरासाठी निघालेल्या माणसाला ते पुरेसं नाही.

परत जागेवर आलो, बादली होती. मग रॅम्प, लेव्हल, केबल, ऑनिंग. मटकीला मात्र मोड छान आले.

हे वाचून कुणी म्हणेल, शिस्त नाही तुम्हाला. खरं आहे. मी अशी जर्मन जोडपी पाहिली आहेत की वीस मिनिटांत सगळं आवरून बाहेर पडतात, एक शब्द न बोलता. त्यांच्या कपाटांना आमच्यापेक्षा चांगल्या खिट्ट्या असतील आणि त्यांच्या स्वयंपाकात मोहरी कमी असेल. पण माझा मुद्दा वेळेचा नाही. घर हलवायचं आहे हे माहीत असलं की माणूस बाहेर पडायचंच टाळतो. "आज राहू दे, उद्या जाऊ." उद्या ढग. पहिल्या हिवाळ्यात नव्वद दिवसांत आमच्या अकरा सहली झाल्या. अकरा! बाकीचे दिवस आम्ही कॅम्पसाइटवर बसून लेस्टरमध्ये बोलतो तेच बोललो, फक्त उन्हात.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. मोटरहोममध्ये एक तर दोघांनी जायचं नाहीतर कुणीच नाही. बायकोला एका रात्री दाढ दुखायला लागली. वेदनाशामक संपलेलं. स्पेनमध्ये रात्री एखादं औषधाचं दुकान पाळीने उघडं असतं, हिरव्या क्रॉसखाली यादी लावलेली असते, ते आमच्यापासून चार किलोमीटरवर होतं. ती कळवळत पलंगावर आणि मला औषध आणायला तोच पलंग घेऊन जायचंय. मी सायकल काढली. जाताना उतार होता.

दुसऱ्या हिवाळ्यात आम्ही उपाय करून पाहिले, ते सांगणं न्यायाचं होईल, कारण कुणाला त्यातलं काही पुरेसं वाटू शकतं. एक, ट्राम. अलिकान्ते–बेनिडॉर्म आणि पुढे देनियापर्यंत किनाऱ्याने ट्राम जाते, स्वस्त, खिडकीतून समुद्र. अलिकान्तेला जायला मी आजही ट्रामच घेतो. सव्वा तास लागतो, पण तिथल्या भूमिगत पार्किंगमध्ये घासाघीस करायची नसते, आणि उतरल्यावर सांता बार्बारा किल्ल्यावर लिफ्टने जाता येतं, गुडघे वाचतात. पण ट्राम डोंगरात जात नाही, आणि सगळी गंमत डोंगरात आहे.

दोन, मोटरहोमच्या मागे छोटी गाडी ए-फ्रेमने, म्हणजे लोखंडी त्रिकोणी दांड्याने, जोडून ओढायची. इंग्लंडमध्ये हे दिसतं. स्पेनच्या नियमांत बंद पडलेली गाडी सोडून एका गाडीने दुसरी ओढणं बसत नाही, त्यामुळे दंडाची टांगती तलवार. ट्रेलरवर चढवून नेली तर चालते, पण मग तुम्ही मोटरहोमही चालवताय आणि ट्रेलरही ओढताय, म्हणजे दोन्हीकडचे त्रास आणि सुख एकाचंच.

तीन, तिथेच महिन्यासाठी गाडी भाड्याने घ्यायची. हिवाळ्यात दर खाली येतात. आम्ही फेब्रुवारीत घेतली, एक पांढरी, छोटी, खरचटलेली गाडी, आणि अट्ठावीस दिवसांत सतरा सहली केल्या. तिथेच डोक्यात प्रकाश पडला. फिरायला भाड्याची गाडी वापरायची, आणि साडेतीन टनांचं इंजिनवालं घर नुसतं उभं राहायला. मग त्या इंजिनचा विमा, टॅक्स, एमओटी म्हणजे वार्षिक तपासणीचे पैसे आपण कशासाठी भरतोय?

२०२४ च्या उन्हाळ्यात मोटरहोम विकलं. घेणाऱ्याने सीटवरचा पिवळा डाग बघून विचारलं, ऊन लागून झालाय का? मी म्हटलं, एका अर्थी. किमतीत तीनशे पौंड कमी केले.

आता कॅराव्हान. ती मला आवडते हे एव्हाना लपलेलं नाही, म्हणून तिचे दोष आधी.

ओढण्याचे दोन दिवस वाईट असतात. सुंदर शब्दांत सांगता येत नाही. मागे कॅराव्हान असली की स्पेनच्या मोटरवेवर मर्यादा ताशी ९० किलोमीटर, म्हणजे ट्रकांच्या रांगेत तुम्हीही एक. बोटीतून उतरून पुढे पठारावर पोचलो आणि एका ट्रकने आम्हाला ओलांडलं. त्याच्या वाऱ्याने कॅराव्हानची शेपटी हलायला लागली. डावीकडे, उजवीकडे, मग गाडीही तिच्याबरोबर. अशा वेळी ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंग घट्ट सरळ धरून पाय वर घ्यायचा, हे मला पाठ होतं. पाठ असणं आणि पाय वर घेणं यात दोन सेकंद जातात आणि त्या दोन सेकंदांत मला आमच्या सांगलीच्या घराचं अंगण दिसलं. नंतर थांबून बघितलं तर चूक माझीच. जड सामान मागच्या पलंगाखाली भरलं होतं. वजन चाकांच्या वर आणि थोडं पुढे हवं. जोडावर किती भार येतो ते आता मी दर वेळी काट्यावर मोजतो.

उलटी घेणं हे आयुष्यभर शिकायचं प्रकरण आहे. सध्याच्या कॅराव्हानला रिमोटवर चालणारा मूव्हर आहे, तो असल्याशिवाय घेऊच नका. गाडी सोडायची, रिमोट हातात घ्यायचा आणि दीड टनाची वस्तू मांजरीसारखी जागेवर सरकवायची. पण रस्त्यात चुकलं तर मूव्हर फार उपयोगाचा नाही. एकदा पेट्रोल पंप शोधताना मी एका गावाच्या गल्लीत शिरलो, पुढे गल्ली बंद. कॅराव्हान सोडली, चार गावकरी आणि एक पोस्टमन यांनी मिळून ती हाताने वळवली. त्यातल्या एका आजींनी आम्हाला पिशवीभर संत्री दिली. बायको म्हणते, तो मुक्कामातला सगळ्यात चांगला दिवस होता. ती गाडी चालवत नव्हती.

ऑनिंगचे खांब हा एक भांडणाचा विषय आहे, त्याबद्दल शेवटी. पाण्याचा ड्रम रोज नळावरून ढकलत आणायचा, सांडपाण्याचा डबा ओतायला न्यायचा. संडासाची कॅसेट, म्हणजे काढून ओतायची टाकी, दोन्हीकडे सारखीच, त्यात कुणी जिंकत नाही.

पण एकदा पाय टेकवले, ड्रम लावला, ऑनिंग उभं राहिलं, की ते घर. पुढचे पंच्याऐंशी दिवस ते हलत नाही. मिसळणाचा डबा ओट्यावर उघडा राहू शकतो. मटकी जिथे भिजवली तिथेच मोड काढते. आणि दाराबाहेर तुमची गाडी उभी आहे, रिकामी, टाकी भरलेली. डच आजोबा येऊन म्हणाले की फुललाय, की किल्ली उचलायची. कप बेसिनमध्ये पडलेला असला तरी चालतं. आल्यावर तो तिथेच असतो, याचं अप्रूप मला अजून वाटतं.

कॅराव्हानच्या पहिल्या हिवाळ्यात पस्तिसाव्या सहलीनंतर आम्ही मोजणं सोडलं. सगळ्या मोठ्या नव्हत्या. काही नुसत्या तासाभराच्या, आणि माझ्या मते त्याच खऱ्या. जेवण झाल्यावर आल्तेआला जाऊन निळ्या घुमटाच्या चर्चसमोर कॉफी पिऊन यायचं. काल्पेला मिठागरात फ्लेमिंगो आलेत का बघायचं, मागे पेन्योन दे इफाचचा ३३२ मीटरचा कडा समुद्रात उभा. ग्वादालेस्तला दोनदा गेलो, कारण पहिल्यांदा धुकं होतं. ते गाव कड्यावर आहे, कातळात खोदलेल्या बोगद्यातून आत जायचं, खाली धरणाचं हिरवं-निळं पाणी. मोटरहोम असतं तर धुक्यानंतर दुसऱ्यांदा गेलो असतो का? नसतो. तिसऱ्या दिवशी संक्रांत होती, आणि ती कथाही गाडीचीच. खिखोनाला गेलो. तिथे तुरोन बनतं, बदाम आणि मधाचं, स्पॅनिश लोक ते नाताळात खातात. अलिकान्ते पद्धतीचं कडक, थेट लोणावळ्याची चिक्की आठवते. खिखोनाचं मऊ, तेलकट, दळलेल्या बदामाची वडी म्हणावी असं. नाताळ उलटून गेल्यामुळे स्वस्त झालेलं. बायकोने तीळ भाजून त्यात मिसळले, वड्या पाडल्या आणि आख्ख्या ओळीत वाटल्या. डच आजोबांना "तिळगूळ घ्या" म्हणायला शिकवलं, "गोड बोला" त्यांना जमलं नाही.

वालेन्सिया एवढी एकच सहल मोठी, दीड तास. मार्चच्या मध्यात तिथे फायास हा मोठा उत्सव असतो आणि आमचे नव्वद दिवस त्याआधीच संपतात, हे एक कायमचं दुखणं. पण १ मार्चपासून रोज दुपारी दोनला नगरपालिकेच्या चौकात फटाक्यांची माळ उडवतात, ती आम्ही गाठली. आपल्याकडची लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ पाच मिनिटांत भरून उडवली तर कशी वाटेल, तशी. छातीत धडधडतं.

आणि एकाला जायचं, एकाला नाही, असे दिवस. बायको सकाळी ऑनिंगमध्ये पुस्तक घेऊन बसते, मी एल्चेच्या खजुरीच्या बनात जाऊन येतो. किंवा ती शेजारणीबरोबर बाजारात जाते आणि मी झोपतो. लग्नाला अडतीस वर्षं झाल्यावर नव्वद दिवस सात मीटरच्या डब्यात काढायचे असतील तर ही सोय हीटरपेक्षा महत्त्वाची आहे. मोटरहोमवाले याबद्दल कधी बोलत नाहीत. मला शंका आहे की त्यांना बोलायला एकांत मिळत नाही.

थंडीबद्दल लोक विचारतात. जानेवारीच्या रात्री पारा सहा-सात अंशांवर येतो. मोटरहोममध्ये पुढची मोठी काच आणि ड्रायव्हरची दारं यातून गारवा यायचा, सकाळी काचेवरून पाणी ओघळायचं, आम्ही रोज पुसायचो. कॅराव्हानला तो भाग नाही, आणि आम्हाला ती उबदार वाटली. आमच्या दोन वस्तूंवरून सगळ्यांचं ठरवू नये, पण वाटली खरी. वीज लांब मुक्कामात मीटरवर घेतात, तेव्हा फरक बिलातही दिसतो.

पैशांचं थोडक्यात. बऱ्या स्थितीतलं मोटरहोम घेतलं त्या पैशांत आमची कॅराव्हान आली आणि जुनी गाडी बदलून ओढायला दणकट गाडी आली, वर काही उरले. ती गाडी इंग्लंडमध्ये वर्षभर रोज वापरतो. मोटरहोम वर्षातले नऊ महिने ड्राइव्हवेवर उभं राहून शेजाऱ्यांचा उजेड अडवायचं. टोलचा प्रश्न पूर्वीइतका राहिलेला नाही. अलिकान्तेपासून उत्तरेला जाणाऱ्या एपी-७ वरचा टोल १ जानेवारी २०२० पासून बंद झालाय, त्यामुळे सहलींना तो रस्ता मोकळेपणाने वापरता येतो.

जाता जाता एक, जे दोन्हींना लागू. ब्रेक्झिटनंतर इंग्लंडमधून दूधदुभतं आणि मांस नेता येत नाही. म्हणजे साजूक तुपाची बरणी घरी ठेवायची. तांदूळ, डाळी, पोहे, गोडा मसाला आम्ही नेतो. तूप तिथलं लोणी आणून कढवायचं. कॅराव्हानमध्ये ते ऑनिंगखाली, बाहेरच्या शेगडीवर करा. आत केलंत तर पडदे पुढच्या दिवाळीपर्यंत बेरी-बेरी वास मारतील, आणि मोटरहोमच्या पडद्यांबद्दल मी अनुभवाने बोलतोय.

तर मोटरहोम कुणी घ्यावं? ज्यांना सतत पुढे सरकायचंय, ज्यांना ओढण्याची खरोखर भीती वाटते, ज्यांची पाठ पाण्याचा ड्रम ढकलू देत नाही, किंवा जे मुक्कामाला गेल्यावर समुद्रावर चालत जाऊन खूश असतात आणि ज्यांना ट्राम पुरते. अशी माणसं आहेत आणि ती सुखी आहेत. घ्यायच्या आधी एक करून बघा. शनिवार-रविवार मोटरहोम भाड्याने घ्या, कुठेतरी दोन रात्री राहा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दूध आणायला बाहेर पडा. दुकान दोन मैलांवरचं निवडा. दूध आणून परत लेव्हल करून चहा पिताना दोघं एकमेकांशी बोलत असाल, तर माझं काही ऐकू नका.

कॅराव्हान घ्यायची ठरलीच तर जागा लवकर धरा. बेनिडॉर्मच्या आसपास हिवाळ्याला तीच ती माणसं वर्षानुवर्षं येतात, आणि निघतानाच पुढच्या वर्षाची जागा सांगून जातात. आम्हीही मार्चमध्ये निघताना ८ डिसेंबरपासूनची सांगून आलो, संत्र्याच्या झाडाशेजारची, नळापासून वीस पावलांवर. ऑनिंगचे खांब या वेळी उतरवतानाच बायकोने लाल नेलपॉलिशने एक ते चौदा नंबर टाकलेत. नऊ नंबर दोन खांबांवर पडलाय, हे मी अजून तिला सांगितलेलं नाही.